विरोधी बाक आणि झाडीपट्टी : प्रस्तावना

३ ऑगस्ट २०२३ रोजी विजय वडेट्टीवार महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. पावसाळी अधिवेशन दुसऱ्या दिवशी संपणार होते. ही जबाबदारी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा येत होती. महिनाभरापूर्वी, २ जुलैला, तोवरचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि ती जागा रिकामी झाली. २०१९ च्या जूनमध्येही असेच घडले होते. तेव्हाचे विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले आणि त्यांच्या जागी वडेट्टीवार आले. आणखी मागे जायचे तर २००५ मध्ये नारायण राणे विरोधी पक्षनेतेपद आणि शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले व थोड्याच दिवसांत महसूलमंत्री झाले. त्या वेळी त्यांच्यासोबत शिवसेना सोडणाऱ्या आमदारांत चिमूरचे आमदार विजय वडेट्टीवार होते. २०१४ च्या अखेरीस एकनाथ शिंदे महिनाभरही विरोधी पक्षनेते राहिले नाहीत, कारण शिवसेनाच सरकारात सामील झाली.

वीस वर्षांच्या आत चार विरोधी पक्षनेते सभागृहाचा मधला मार्ग ओलांडून पलीकडच्या बाकांवर गेले. ज्या पदावर बसून सरकारला धारेवर धरायचे, ते पदच सरकारात शिरण्याचा दरवाजा होऊन बसले. वडेट्टीवारांच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तो मला या पार्श्वभूमीवर करावासा वाटतो. एकदा ते या दरवाजातून बाहेर पडणाऱ्या नेत्यामागे गेले आणि दोनदा इतरांनी सोडलेल्या खुर्चीवर येऊन बसले. महाराष्ट्रातल्या विरोधी राजकारणाची अवस्था त्यांच्या एका कारकिर्दीतून जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीतून दिसेल. आणि हा माणूस ज्या प्रदेशातून येतो, त्या प्रदेशाला विरोधी बाकाची गरज राज्यातल्या इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

तो प्रदेश म्हणजे जुना चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा बनला. वैनगंगेच्या पूर्वेला गडचिरोली, पश्चिमेला चंद्रपूर. गडचिरोलीच्या तीन चतुर्थांश भूभागावर जंगल आहे, आणि दक्षिणेकडचे सिरोंचा मुंबईपासून हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या माणसाला हैदराबाद जवळ पडते. चंद्रपूरच्या पश्चिम भागात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र आहे. पूर्व भागात, म्हणजे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात, धानाच्या बांध्या आणि माजी मालगुजारी तलाव आहेत. हीच झाडीपट्टी. रोवणी झाली की आभाळाकडे डोळे, कापणी झाली की खरेदी केंद्राकडे, आणि मधल्या काळात तुडतुड्याची धास्ती. याच पट्ट्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हा तांदळाचा वाण निवडून वाढवला. तो देशभर पोचला, पण दादाजींच्या वाट्याला अखेरपर्यंत गरिबीच आली. इथल्या कसाचे मोल बाहेर होते आणि दाम इथे येत नाही. कोळसा, बांबू, सागवान, सुरजागडचे लोहखनिज आणि तांदूळ या सगळ्यांची कथा कमीअधिक प्रमाणात हीच आहे.

अशा प्रदेशाचा आमदार सत्तेत असला तर त्याला काही रस्ते, काही इमारती, काही योजना मिळतात. पण खाणीचा पट्टा कुणाला दिला, वनहक्काचे दावे का अडले, धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या गावांना कळवले होते का, हे प्रश्न मंत्री स्वतःला विचारत नाही. ते दुसऱ्याने विचारावे लागतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अंतिम आठवडा प्रस्ताव ही विरोधी आमदाराची अवजारे. मुंबईच्या वर्तमानपत्रांत गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागडचे नाव नक्षल घटनेखेरीज येते ते बहुधा यांपैकी एखाद्या अवजारामुळेच. मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर कार्यवाहीत नोंदले जाते आणि पुढे न्यायालयात, आंदोलनात, ग्रामसभेत ते पुन्हा पुन्हा काढता येते. विरोधी आमदाराने मिळवलेले एक लेखी उत्तर हे खेड्यातल्या माणसाच्या हाती आलेले शस्त्र असते.

या मातीत विरोधाची जुनी परंपरा आहे. १९६२ मध्ये चांदा लोकसभा मतदारसंघातून लाल श्याम शाह हे गोंड जमीनदार अपक्ष म्हणून काँग्रेसविरुद्ध निवडून आले. आदिवासींच्या प्रश्नांची दखल घेतली जात नाही म्हणून दोन वर्षांत, १९६४ मध्ये, त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. राजुऱ्यातून शेतकरी संघटनेचे वामनराव चटप विधानसभेत गेले. शेतमालाचा भाव आणि स्वतंत्र विदर्भ हे दोन विषय त्यांनी कधी सोडले नाहीत, आणि निवडणूक हरल्यावरही ते त्याच विषयांवर रस्त्यावर राहिले. दुसऱ्या बाजूला बंदुकीचा विरोध होता. १९९१ मध्ये आमदार असलेल्या धर्मरावबाबा आत्राम यांचे नक्षलवाद्यांनी अपहरण केले होते. ज्या मुलखात लोकप्रतिनिधीलाच जंगलात ओलीस धरले जाते, तिथे सभागृहात उभे राहून सरकारला जाब विचारणे याचा अर्थ पुण्या-मुंबईहून वेगळा होतो. सनदशीर विरोधाने काही हाती लागते हे तिथल्या तरुणाला दिसले नाही, तर तो दुसरीकडे पाहू लागतो. गेल्या चार दशकांत त्याची किंमत गावांनी मोजली आहे, पोलिसांनी मोजली आहे आणि जंगलात गेलेल्या पोरांनीही मोजली आहे.

वडेट्टीवार मूळचे गोंडपिपरी तालुक्यातील करंजीचे. त्यांचे राजकारण मात्र घडले गडचिरोलीत. शिवसेनेचे संघटन त्यांनी तिथे उभे केले, युतीच्या काळात वन विकास महामंडळाचे अध्यक्षपद सांभाळले, विधान परिषदेवर गेले. पण विधानसभेसाठी त्यांना वैनगंगा ओलांडावी लागली. आज गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, त्यामुळे तिथल्या बिगर-आदिवासी नेत्याला चंद्रपूर जिल्ह्यातच जागा शोधावी लागते. २००४ मध्ये ते चिमूरमधून निवडून आले. या एका वस्तुस्थितीतून त्यांच्या कारकिर्दीतल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. जिल्हा एक आणि मतदारसंघ दुसरा असा हा नेता आहे. आदिवासी आणि इतर मागासवर्ग यांच्या सीमेवर तो उभा आहे. दोन्ही काठांवरची माणसे त्याच्याकडे येतात आणि दोन्ही काठ त्याच्यावर थोडेथोडे नाराजही राहतात.

२००५ च्या पक्षांतराबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आलेल्या माणसाने वर्षभरात पक्ष सोडला, ही गोष्ट चांगली नव्हती. राणे गेले म्हणून जाणे याला विचारांचा आधार शोधणेही कठीण आहे. पण त्या वेळी राणेंबरोबर गेलेल्या आमदारांनी आमदारकीचे राजीनामे दिले आणि पोटनिवडणुका लढवल्या. वडेट्टीवार चिमूरच्या मतदारांपुढे पुन्हा उभे राहिले आणि काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आले. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने जे पाहिले त्याच्याशी ही गोष्ट ताडून पाहावी. शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या त्या दोन फुटींत आमदार पक्षाचे नाव आणि चिन्ह घेऊन दुसऱ्या आघाडीत जाऊन बसले, मतदाराला मात्र कुणी विचारले नाही. पक्ष बदलणाऱ्याने मतदारापुढे जावे ही किमान अट २००५ मध्ये पाळली गेली होती, आणि एवढ्यापुरते मी वडेट्टीवारांना श्रेय देतो. २००९ मध्ये ते चिमूरमधूनच पुन्हा आले. आघाडी सरकारात राज्यमंत्रीही झाले. २०१४ मध्ये देशभर आणि राज्यभर काँग्रेसची वाताहत होत असताना त्यांनी मतदारसंघ बदलून ब्रह्मपुरीत भाजपचे अतुल देशकर यांचा पराभव केला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि सावली या तीन तालुक्यांचा हा मतदारसंघ तेव्हापासून त्यांच्याकडे आहे.

२०१९ ची पहिली पाळी जेमतेम काही महिन्यांची. एक पावसाळी अधिवेशन झाले आणि पाठोपाठ निवडणूक लागली. एवढ्या काळावरून कुणालाही जोखू नये. मात्र ज्या पक्षाचा विरोधी पक्षनेताच सरकारने उचलून नेला, त्या पक्षाच्या वतीने उभे राहायला कुणीतरी हवे होते, आणि ते काम त्यांनी केले.

त्यानंतर अडीच वर्षे ते सत्तेत होते. महाविकास आघाडीच्या खातेवाटपात त्यांच्याकडे इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे कल्याण आले आणि सोबत खार जमिनी व भूकंप पुनर्वसन. वैनगंगेकाठच्या माणसाला समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनींचे खाते मिळाले, यावरून खाती वाटताना कुणाचा कुठल्या प्रश्नाशी संबंध आहे याचा किती विचार होतो ते कळते. त्यांनी नाराजी उघड केली, आणि मदत व पुनर्वसन हे खाते त्यांच्याकडे आले. त्या खात्याने त्यांना लगेच कसोटीला लावले. जून २०२० मध्ये कोकणात निसर्ग वादळ आले. ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मध्य प्रदेशातून सोडलेले पाणी गोसेखुर्दमध्ये आले, धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी व देसाईगंज तालुक्यांतली गावे वेढली. लाडजसारखे नदीच्या मधोमध वसलेले गाव पाण्यात अडकले. राज्याचा मदतमंत्री आणि बुडालेल्या मतदारसंघाचा आमदार ही एकच व्यक्ती होती. गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि ज्या शेतांना त्याचे पाणी मिळायचे त्यांपैकी कित्येक आजही कोरडी आहेत. कालव्याने पाणी पोचत नाही, पुराने मात्र पोचते. या प्रश्नावर वडेट्टीवार विरोधात असताना बोलले आहेत आणि सत्तेतही होते. म्हणून त्यांच्या दोन्ही भूमिका समोरासमोर ठेवून वाचाव्या लागतात, आणि वाचकाने तसे वाचावे अशी माझी विनंती आहे.

मागासवर्ग कल्याण खात्याचा काळ तर न्यायालयाच्या निर्णयाने व्यापला. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणाला धक्का दिला. पुढे बांठिया आयोग नेमला गेला आणि जुलै २०२२ मध्ये, सरकार पडल्यावर, ते आरक्षण परत आले. या गदारोळात गडचिरोलीसाठी एक महत्त्वाची गोष्ट घडली. आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि गट ड च्या भरतीत ओबीसींचा वाटा कमी करण्यात आला होता, आणि गडचिरोलीत तो अवघा सहा टक्के होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो सतरा टक्के करण्याचा निर्णय झाला. तलाठी, शिक्षक, वनरक्षक या नोकऱ्यांखेरीज ज्या जिल्ह्यात पगाराचे दुसरे साधन नाही, तिथे हा फरक घराघरांत जाणवतो. त्याचबरोबर राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली होती आणि त्यावरून ओबीसी तरुणांत अस्वस्थता होती. या दोन हक्कांत भांडण लावून मते मिळवणे सोपे आहे. दोघांनाही पुरेल इतकी भरती करा, असे सरकारला सुनावणे अवघड आहे. माझ्या मते वडेट्टीवारांनी ओबीसींची बाजू जितक्या जोराने मांडली, तितक्या जोराने दोघांना पुरेल इतक्या भरतीची मागणी लावून धरायला हवी होती. गडचिरोलीच्या जंगलातल्या ग्रामसभांनी, मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवल्यापासून, बांबू आणि तेंदूपत्त्यावर जो अधिकार उभा केला, त्याला विधानसभेत खंबीर पाठीराखा लागतो. या कारकिर्दीत तो आवाज हवा तितका ऐकू येत नाही.

आणि दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही ती व्हावी म्हणून बायका वर्षानुवर्षे लढल्या. २०१० च्या हिवाळ्यात त्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. ती उठवावी यासाठी पालकमंत्री म्हणून वडेट्टीवारांनी आग्रह धरला, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीमुळे अवैध दारू, बनावट दारू आणि गुन्हेगारी वाढली, हा त्यांचा युक्तिवाद होता. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवालही सरकारपुढे होता. हा युक्तिवाद खोटा होता असे मी म्हणत नाही. अंमलबजावणी दुबळी होती, हे त्या जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण कायदा नीट राबवला जात नाही म्हणून कायदाच काढून घेणे, आणि तेही कोरोनाची दुसरी लाट ओसरण्याआधी, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्या बायकांनी चालत जाऊन सरकारचे दार ठोठावले, त्यांना विचारल्याविना त्यांची मिळकत परत घेतली गेली. विरोधी बाकावर बसून लोकांचे गाऱ्हाणे ऐकण्याची सवय असलेल्या नेत्याकडून हा निर्णय व्हावा, याचे मला वाईट वाटते. त्याच्या समर्थकांनीही या निर्णयाकडे डोळेझाक करू नये.

२०२३ ची दुसरी पाळी सर्वांत कठीण. ऑगस्टच्या अखेरीस अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला. राज्याचा विरोधी पक्षनेता स्वतः ओबीसींचा नेता, आणि त्याच्या पक्षाला मराठा मतदारही हवा. नोव्हेंबरमध्ये ते अंबडच्या ओबीसी सभेला गेले. नंतर छगन भुजबळांच्या भाषेपासून त्यांनी स्वतःला वेगळे केले. फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने मंजूर झाले. या सगळ्यात ते डळमळले असे काहींना वाटते. मला वाटते, दोन्ही समाजांच्या रोषापुढे विरोधी पक्षाने एकच प्रश्न लावून धरायला हवा होता, तो म्हणजे शेती आणि नोकऱ्या का आटल्या. तो प्रश्न मांडायला झाडीपट्टीच्या आमदाराइतका अधिकारी माणूस नव्हता. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने धानाला हेक्टरी वीस हजार रुपये बोनस जाहीर केला. तेव्हा मळणी झालेले धान खळ्यावर पडले होते, आणि विरोधकांच्या दबावाविना ही रक्कम मिळाली असती असे झाडीपट्टीत कुणी मानणार नाही. हे वडेट्टीवारांचे खरे बळ. मे २०२४ मध्ये पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या हत्येविषयी दुसऱ्याच्या पुस्तकाच्या आधाराने त्यांनी केलेले विधान वादळ उठवून गेले. त्याने पक्षाचे काही भले झाले नाही, उलट निवडणुकीच्या ऐन भरात चर्चा भाव आणि बेरोजगारीवरून दुसरीकडे गेली. ज्या विषयाची कागदपत्रे स्वतःच्या हातात आहेत त्यावर बोलताना त्यांच्या बोलण्याला धार येते, आणि उसन्या आरोपांनी ती बोथट होते.

धार येते ती वाघाच्या प्रश्नावरही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ वाढले, त्यासोबत माणसेही मरू लागली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बायका पहाटे जंगलात जातात, आणि त्याच दिवसांत सर्वांत जास्त हल्ले होतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मृताच्या कुटुंबाला पंचवीस लाख रुपये मिळतात. पण जंगलात गेल्याविना चूल पेटत नाही, या मूळ गोष्टीला त्या रकमेने उत्तर मिळत नाही. वाघ वाचलाच पाहिजे असे मानणारा मी माणूस आहे. त्याची किंमत मात्र एकट्या सिंदेवाहीच्या बाईने भरू नये, हे विधानसभेत ठणकावून सांगणारा आमदार मला हवा आहे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीने चित्र पार बदलले. त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी चंद्रपूर लोकसभा जिंकली होती आणि नामदेव किरसान यांनी गडचिरोली-चिमूर. पाच महिन्यांनी विधानसभेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी एकट्या ब्रह्मपुरीत काँग्रेस टिकली. वडेट्टीवारांनी भाजपच्या कृष्णलाल सहारे यांना हरवले. गडचिरोलीत आरमोरीची जागा रामदास मसराम यांनी काँग्रेसला मिळवून दिली. एवढेच. राज्यात काँग्रेसचे सोळा आमदार उरले, शिवसेना ठाकरे गटाचे वीस, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे दहा. दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या सभागृहात विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाला एक दशांश आमदार लागतात हा संकेत पुढे आला, आणि तो आकडा कुणाकडेच नव्हता. ज्या खुर्चीतून एकामागोमाग एक नेते सरकारात गेले, ती खुर्चीच आता रिकामी राहिली. वडेट्टीवार काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षाचे नेते झाले. मंत्रिपदाचा दर्जा नाही, पदाचा मान नाही, सोबत पंधरा सहकारी. चहापानावर बहिष्कार, पायऱ्यांवरच्या घोषणा आणि सभागृहातले प्रश्न तेवढे शिल्लक आहेत.

या कारकिर्दीचा हाच भाग मला पुढे सर्वांत जास्त वाचावासा वाटेल. पद असताना विरोध करणे तुलनेने सोपे असते. पद नसताना सिरोंचाच्या शेतकऱ्यासाठी कोण किती वेळा उठून उभे राहते, त्याची नोंद कार्यवाहीत होतच राहील. मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याने त्या शेतकऱ्याची जमीन खाल्ली, आणि तो बंधारा दुसऱ्या राज्याचा असल्याने त्याला दाद मागायला जवळ कुणी नाही. सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर राहणारी गावे, गोसेखुर्दच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी, वनहक्काचा दावा घेऊन उपविभागीय अधिकाऱ्याच्या दारात बसलेली ग्रामसभा, ही सगळी माणसे कोणता पक्ष कुणाबरोबर गेला याचा हिशेब ठेवत नाहीत. त्यांना हवा आहे मुंबईत आणि डिसेंबरात नागपुरात त्यांचे नाव घेणारा एक माणूस, आणि त्याने सरकारकडून लेखी घेतलेले उत्तर.